विहिरीतला मुनीम आणि मी

माझ्यावर खुनाचा संशय आयुष्यात एकदाच आला, तोही जेसल पार्कातल्या आमच्याच घरात, दुपारच्या चहाला.

आमच्या हिला रहस्यकथांचं वेड. लायब्ररीतून आणायची आणि दुपारी मला वाचून दाखवायची. (मी चौथीत शाळा सोडली. शाळेनं हरकत घेतली नाही.) शेवटचं पुस्तक वीस वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या एका मुनीमाचं. ते अर्ध्यावर आलं आणि ही गेली. मुनीमाचं काय झालं ते तिला कळलंच नाही, हे माझ्या मनातून जाईना. म्हणून रोज तिच्या फोटोसमोर बसून पुढचं मीच वाचू लागलो. अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं. मनातल्या मनात मला वाचता येत नाही.

त्या दिवशी गुन्हेगाराची कबुली आली. "मीच त्याला... विहिरीत... ढकललं. वीस वर्षं... कुणाला बोललो नाही." मी पानात खूण ठेवली. फोटोला विचारलं, "ऐकतेस ना गं?"

भिंतीपलीकडं हंसाबेनचं पापड लाटणं थांबलं. मला वाटलं, पीठ संपलं.

थोड्या वेळानं दारात हंसाबेन, सोसायटीचे सेक्रेटरी आणि बाजारातून येताना त्यांनी जिन्यातच गाठलेली माझी सून वैशाली.

"काका, हमने सब सुन लिया," हंसाबेन म्हणाल्या. "वो कुएँवाला. बोल दो, मन हलका होगा."

"त्याला आत्ताच ढकललंय. पुढचं उद्या."

सेक्रेटरी मटकन खुर्चीत बसले.

"बाबा," वैशालीनं बाजाराची पिशवी खाली ठेवली, "आईंना माहीत होतं?"

"नाही ना. तेच तर दुःख आहे. म्हणून रोज तिला थोडं थोडं सांगतोय."

सेक्रेटरींनी नवा मोबाईल काढला. "पोलिसांना कळवायला पाहिजे."

"त्यांना काय कळतंय? अर्धं पुस्तक झालं, नुसते चहा पितायत."

"कुठलं पुस्तक?"

मी पुस्तक दाखवलं. सेक्रेटरी मोबाईल खिशात ठेवून निघून गेले. हंसाबेन मात्र खाली बसल्या. "फिर? लाश मिली क्या?"

वैशाली हसत होती आणि डोळेही पुसत होती. "बाबा, आई लायब्ररीत उभ्याउभ्याच शेवटचं पान वाचून घ्यायच्या. मुनीमाचं त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला म्हणायच्या, ह्यांना सांगू नकोस. ऐकताना ह्यांचं तोंड उघडं राहतं, ते बघायला मजा येते."

मी फोटोकडे बघितलं. सगळं ठाऊक असून बाई गप्प ऐकत बसली होती. (लग्नानंतर माझं सगळं बोलणं तिनं असंच ऐकलं असणार.)

ओळ शोधली आणि पुढं वाचत गेलो. मुनीम शेवटच्या पानावर सापडला, तोही भलत्याच जागी. माझं तोंड उघडंच राहिलं.

तिच्यासाठी मुद्दाम नव्हतं हो ते. मला खरंच कळलं नव्हतं.