शेऱ्याचा रकाना

यूलाली डेकर्स यांना मी मावशी म्हणायचे. आम्हा घानाच्या अशांती लोकांत थोरल्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली तर आईने वळण लावलं नाही असं म्हणतात. जमैकाची माणसं त्यांना मिस यूलाली म्हणायची. लंडनमधल्या टॉटनहॅमच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. मी सांगतेय ती गोष्ट १९९३ सालची, आणि ती सांगून माझी मान काही उंच होणार नाही. तरी सांगते, कारण मावशींबद्दल एक खोटी गोष्ट छापून आलेली आहे आणि ती माझ्या हातची आहे.

मावशी १९५८ साली जमैकाच्या डोंगरातल्या एका खेड्यातून बोटीने आल्या, बाविसाव्या वर्षी, नर्स व्हायला. तेव्हा इथे नर्सचं शिक्षण दोन प्रकारचं होतं. तीन वर्षांचं केलं की पुढे वॉर्डची मुख्य सिस्टर होता यायचं, मेट्रन होता यायचं. दोन वर्षांचं केलं की जन्मभर जिथल्या तिथे. मावशींना काही न सांगता दोन वर्षांच्या वर्गात बसवलं, त्यांच्याबरोबरच्या बाकी काळ्या मुलींनाही. हा फरक त्यांना कळला तो प्रमाणपत्र हातात पडल्यावर. तरी एकतीस वर्षं त्यांनी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात काढली. ज्या पोरींना त्यांनी सुई धरायला शिकवलं, त्या पोरी त्यांना हुकूम सोडायला लागल्या. ते प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत टीव्हीच्या वर लावलेलं होतं. मी ते शंभरदा वाचलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

नवरा निघून गेला होता. मुलगा एव्हर्टन फिटर होता, कारखाना बंद पडल्यापासून घरी होता आणि रोज सकाळी कुठे ना कुठे अर्ज घेऊन जायचा.

माझी आफ्रीये तेव्हा चार वर्षांची. मी पहाटे ऑफिसं झाडायला जायचे, माझा नवरा ओपोकू कामावरून सातला यायचा. मधले दोन तास पोरगी मावशींकडे. पाचला दार वाजवावं तर मावशी डोक्याला फडकं बांधून उभ्या, आणि गॅसवर मक्याच्या पिठाची खीर रटरटत असायची. आभार मानले की चिडायच्या.

“तुझ्या खापरपणजोबाने माझ्या खापरपणजोबाला बोटीवर विकला,” त्या म्हणायच्या, “आणि आता तुझी पोरगीही मीच सांभाळायची! काय नशीब घेऊन आले गं मी.”

“आमच्या घराण्यात कोणी माणसं विकली नाहीत, मावशी. आम्ही कांदे विकायचो.”

“हो, हो, कांदेच! हलणारी पोती कांद्यांचीच होती ती!”

आमचं दोघींचं हे असं चालायचं. बाकी आमची माणसं आपापल्या पोरांना सांगायची, जमैकनांच्या नादी लागू नका, वाया जाल. त्यांची माणसं म्हणायची, कालच्या विमानाने उतरले आणि आम्हाला शहाणपण शिकवतात. मी दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे आणि मनातून आमच्या लोकांचं खरं मानायचे. हेही कबूल करून टाकते.

त्या वर्षी एका संस्थेने आमच्या भागात पाहणी काढली. आफ्रिकेतून आलेली घरं आणि कॅरिबियनमधून आलेली घरं, कोणाचं शिक्षण किती, नोकरी काय, संसार कसा, याची तुलना करायची होती. घरोघर जाऊन फॉर्म भरायला त्यांना याच वस्तीतल्या बायका हव्या होत्या. मी घानात, कुमासी शहरात, बँकेत कारकून होते, अक्षर चांगलं, मला घेतलं. किती वर्षांनी हातात फडक्याऐवजी पेन आलं! गळ्यात फोटोचं कार्डही दिलं. मी ते घरातसुद्धा काढेना. ओपोकू म्हणाला, “झोपताना तरी काढ बाई, नाहीतर स्वप्नात येणाऱ्यांनाही शिक्षण विचारत बसशील.”

आमच्यावर मिसेस क्रॅनली नावाच्या गोऱ्या बाई होत्या, फार गोड बोलायच्या. त्यांनी नियम सांगितला. समोरचा माणूस जे सांगेल तेच लिहायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो मात्र आपला. घर बघून आपल्याला काय वाटलं ते दोन ओळींत लिहायचं.

मी आधी आमच्या लोकांची घरं केली. आमच्या माणसाला ‘काय करता’ विचारलं की तो काय करतो ते सांगत नाही, आपण कोण आहोत ते सांगतो. मिस्टर आन्सोंग हॉटेलात भांडी घासायचे. ते म्हणाले, “हेडमास्तर.” होतेच ते, घानामध्ये. मी मान खाली घालून हेडमास्तर लिहिलं आणि त्यांच्या बायकोने वाढलेला लाल भात जेवून आले. टॅक्सीवाला इंजिनियर निघाला, शिपाई वकील निघाला. माझ्या घराचा फॉर्म मीच भरला. ओपोकू तेव्हा एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर रात्रीचा पहारेकरी होता. मी लिहिलं, लँड सर्व्हेअर; घानात जमिनी मोजायचाच तो. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘महत्त्वाकांक्षी कुटुंब. शिक्षणाची ओढ.’

मिसेस क्रॅनलींनी माझा गठ्ठा चाळला आणि म्हणाल्या, “तुम्ही लोक किती वेगळे आहात हो! तुमच्या शेजाऱ्यांनी तुमच्याकडून शिकायला हवं.” त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. त्याच दिवशी, त्याच तोऱ्यात, मी मावशींचं दार वाजवलं.

एव्हर्टनने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, “आई, सरकार आलंय.”

“ये सरकार, बस,” मावशी म्हणाल्या. “कपडे धुवायला काढलेत, ते जरा सरकव.”

मी पेन उघडलं. “मावशी, काम काय करत होता?”

“तुला माहीत नाही होय?”

“विचारावं लागतं.”

“मग लिही, बेडपॅन धुतले. एकतीस वर्षं. अर्ध्या लंडनची ढुंगणं ओळखते मी. चेहरे दाखवलेस तर नाही सांगता यायचे.”

“आणि नवरा?”

“बर्मिंगहॅमला गेलाय, एकोणीस वर्षं झाली. गाडी लेट असेल.”

एव्हर्टन हसला, मीही पोट धरून हसले. आणि हसता हसता लिहिलं, ‘बेडपॅन धुण्याचे काम. पती सोडून गेला. मुलगा बेकार.’ नियम एकच होता, सांगतील ते लिहायचं. पण आमच्या लोकांचं खोटं त्यांना वर चढवणारं होतं आणि मावशींची थट्टा त्यांना खाली उतरवणारी. मला दोन्ही ठाऊक होतं, आणि मी दोन्ही लिहिलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. घरी येऊन मी शेऱ्याचा रकाना भरला, ‘घर विस्कळीत. शिक्षणाची ओढ दिसत नाही.’ आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, ते मी पगारी काम म्हणून केलं.

ईस्टरनंतरच्या रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये छापील अहवाल वाचून दाखवायचा होता. मावशींना मीच बोलावलं. “मावशी, माझं काम बघायला या,” म्हणाले. त्या जांभळी हॅट घालून आल्या, सगळ्यांसाठी घरी भाजलेला मसाल्याचा गोड पाव घेऊन आल्या, आणि आफ्रीयेला मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसल्या. मी आणि ओपोकू त्यांच्या मागेच होतो. ओपोकूने सूट घातला होता. महिन्यापूर्वीच आमच्या अशांती मंडळाने त्याला चिटणीस केलं होतं आणि मंडळातली बहुतेक माणसं आली होती.

मिसेस क्रॅनलींनी भिंतीवर शिक्षण-नोकरीच्या रंगीत पट्ट्या दाखवल्या. आफ्रिकेतून आलेल्यांची पट्टी लांब, कॅरिबियनवाल्यांची आखूड. आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग त्या म्हणाल्या, “आता दोन घरांचे नमुने वाचते. नावं सांगत नाही, पण दोन्ही एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर आहेत.”

पहिलं घर लँड सर्व्हेअरचं, महत्त्वाकांक्षी. दुसरं त्यांनी सावकाश वाचलं. बेडपॅन, पती, मुलगा. घर विस्कळीत. शिक्षणाची ओढ दिसत नाही.

मावशी आफ्रीयेच्या रिबिनीची गाठ बांधत होत्या. त्यांचा हात थांबला. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण लाकडाची फरशी होती आणि मी तिच्यावर तशीच बसून राहिले.

एवढ्यात जमैकनांच्या बाजूने मिस्टर पॉटिंजर उठले. ते पार्सलची गाडी चालवायचे.

“सर्व्हेअर? एकाच मजल्यावर? अहो बाई, सर्व्हेअर म्हणवून घेणारा इथे एकच, हा ओपोकू, आणि तो रोज पहाटे मला फाटक उघडून देतो! टोपी घालून, शिट्टी लावून!”

हॉलमध्ये हशा उठला. आमच्या रांगांतून कोणी ओरडलं, “तोंड सांभाळ!” ओपोकूच्या चेहऱ्यावर रंग म्हणून राहिला नाही. मिस्टर आन्सोंग खाली बघत होते, टॅक्सीवाला इंजिनियर दाराकडे बघत होता. पॉटिंजर काही गप्प बसायला तयार नव्हते.

“मिस यूलाली, तुम्ही त्यांच्या समोर राहता. तुम्ही कधी खोटं बोलत नाही. सांगा सगळ्यांना, काय करतो हा माणूस?”

सगळा हॉल मावशींकडे बघायला लागला. ओपोकूचा गणवेश आमच्या बाहेरच्या दोरीवर वाळत असायचा, मावशी रोज बघत. एका शब्दात त्या आमचं सगळं उघडं पाडू शकल्या असत्या, आणि तसं केलं असतं तर मी त्यांना काय बोलणार होते?

त्यांनी आफ्रीयेला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि उभ्या राहिल्या. “सर्व्हेअर आहे,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी फळ्या बसवायला माझ्या किचनचं माप घेतलं त्याने. भिंत दोन बोटं वाकडी निघाली. इतकी वर्षं मला वाटायचं माझेच डोळे तिरळे आहेत. खाली बस, पॉटिंजर, पाव खा.”

लोक हसले आणि प्रकरण मिटलं. मिसेस क्रॅनलींनी विचारलं, “आणखी कोणाला काही सांगायचंय?”

मला सांगायचं होतं. ती दुसऱ्या घरातली बाई नर्स आहे आणि तो शेरा माझा आहे, एवढंच. दोन वाक्यं. मी कार्ड उलटं केलं, फोटो आत गेला, आणि गप्प बसले. नवऱ्याची अब्रू वाचवायला गप्प बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मी भ्याले होते.

संध्याकाळी मी एकटी समोरच्या दाराशी गेले. मावशींनी दार उघडलं आणि चौकटीतच उभ्या राहिल्या.

“मावशी, मी शेण खाल्लं.”

“हो, खाल्लंस.”

“तुम्ही ओपोकूला का वाचवलंत?”

“माझा भाऊ तिकडे मास्तर होता. इथे बसगाड्या धुवायचा, आणि कोणी विचारलं की मास्तर म्हणून सांगायचा. आम्ही सगळेच सांगायचो, पोरी. अठ्ठावन्न सालच्या त्या बोटीतून हमाल कोणी उतरलाच नव्हता! आम्ही सांगून सांगून थकलो, तुम्ही अजून थकला नाहीत. तुमच्या-आमच्यात तेवढाच फरक आहे, तीस-पस्तीस वर्षांचा. तुझ्या मॅडमच्या पट्ट्यांत तो कुठे दिसला नाही मला.”

“मी त्यांना पत्र लिहिते, मावशी. सगळं खरं सांगते.”

“लिही की. मग ओपोकूचंही खरं निघेल, आन्सोंगचंही निघेल. लिहिशील?”

मी डोळे पुसायला लागले.

“नाही ना? मग रडू नकोस. बेडपॅन मीच म्हणाले, त्याचं मला काही नाही. पण घर विस्कळीत? पहाटे पाचला ज्या घरात पोटची पोर ठेवून जातेस, ते घर?”

मी त्यांचे पाय धरायला वाकले, त्या मागे सरकल्या.

“पोरीला उद्या आण. तिची खीर चुकायची नाही. तू मात्र आत येऊ नकोस, सेरवा. तू आत आलीस की मला वाटेल, तू बघतेयस.”

दुसऱ्या दिवशी पाचला मी दार वाजवलं. दार उघडल्याबरोबर फिनाइलचा वास आला. आतली फरशी ओली होती, पडदे बदलले होते, एकही कपडा कुठे दिसत नव्हता. आणि टेबलाशी, पहाटेच्या पाच वाजता, एव्हर्टन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भांग पाडून, ताठ बसला होता.