बोडीकाठचा उकिरडा

त्या बाईंच्या खताला मी दोष दिला, तो खोटा होता. पाच वर्षं झाली. हे एवढं लिहायला मला दोनदा उठून चहा करावा लागला.

सावली तालुक्यातल्या एका धानाच्या गावात मी शेणखताचं शिकवायला जायचो. माघात तिथे गावातली जनावरं बोडीच्या काठावर उभी करून गोचिडाच्या औषधाने धूत. बोडी म्हणजे गावचं लहान तळं. खायचे मासे त्यातलेच, म्हणून औषधाचं उरलेलं पाणी कुठे टाकायचं यावर दरवर्षी वाद. त्या वर्षी मी मध्ये पडलो. सगळ्यांत जवळचा उकिरडा दाखवून म्हणालो, "तिथं टाका. शेणात सगळं जिरतं." बादल्यांमागून बादल्या तिथे गेल्या. उकिरडा एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचा. त्यांचं खत गावात नावाजलेलं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीची रोपं, टाकायची वेळ आली की बाया त्यांच्याकडून रोपांसाठी टोपलंभर मागून न्यायच्या.

चैत्रात गेलो तर ढिगाजवळ डोळे चुरचुरले. एव्हाना कच्च्या शेणाचा उग्र वास जाऊन मातीचा वास यायला हवा होता. चार बायांसमोर मी म्हणालो, "बाई, पलटवलंच नाही तुम्ही."

"दोन डाव पलटवलं, भाऊ."

"मग नीट नाही पलटवलं."

एक जण हसली. "बुढी झाली आता. हात नाई चालत तिचे."

बाईंनी फावडं उचललं आणि त्या उन्हात अख्खा ढीग तिसऱ्यांदा उलटा केला. मी झाडाखाली उभा होतो.

थैलीभर खत तपासायला दिलं. तपासणारा फोनवर म्हणाला, अमोनिया भरपूर आहे, नायट्रेट जवळजवळ नाहीच. एकाचं दुसरं करणारे जिवाणू फार नाजूक असतात, तेच मेलेले दिसतात. "कीटकनाशक वगैरे गेलं होतं का त्यात?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या पटकन, की त्याने पुढे विचारलंच नाही.

त्या खतावर टाकलेले बाईंचे पऱ्हे करपले. औषधानेच करपले असं छातीठोक सांगता येत नाही. त्यासाठी आणखी तपासावं लागलं असतं. मी तपासलं नाही. त्या 'कदाचित'च्या आड मी पाच वर्षं राहिलो. बाईंनी घरोघर उरलेली रोपं मागितली आणि सगळ्यांच्या शेवटी रोवणी केली. पुढे त्यांच्याकडे टोपलं घेऊन कोणी गेलं नाही.

यंदा पौषात त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"माह्याजवळ काऊन सांगून राह्यले, भाऊ? म्या किती डाव पलटवलं, थे मले मालूम हाय. ज्या बायाइसमोर बोलले, त्याइले सांगा."

माघात बोडीवर जनावरं धुवायला सगळे जमले, तेव्हा सांगितलं. औषध मी टाकायला लावलं, तपासणीत खोटं बोललो, बाईंची काही चूक नव्हती. तेव्हा हसली होती तीच बाई म्हणाली, "मंग उरलेलं पाणी आता कुठी टाकाचं, मास्तर? तुमच्या आंगणात?"

सगळ्या हसल्या.

"उरू काऊन देता?" बाई मागून म्हणाल्या. "जनावरं मोजा, तेवढंच कालवा. अन् कालवाले ह्याइलेच बसवा."

दुपारपर्यंत मी मापाने औषध कालवत बसलो. तरी शेवटी अर्धी बादली उरलीच. ती उचलून बोडीपासून लांब, गावाबाहेरच्या मुरमाड पडीकाकडे निघालो. हात भरून आला म्हणून वाटेत बादली टेकवली आणि मागे पाहिलं. ती हसणारी बाई उकिरड्याशी वाकली होती. तिने मूठभर खत उचललं, नाकाशी नेलं, आणि बाईंना काहीतरी विचारलं.