अक्काची भाड्याची खोली

वर्गात हजेरी सुरू झाली की बाकीची पोरं-पोरी मान खाली घालून 'प्रेझेंट' असं पुटपुटायची. अक्काचं नाव आलं की पहिल्या बाकावरून खणखणीत आवाज उठायचा, "शे, सर!" 'शे' म्हणजे आमच्या अहिराणीत 'आहे'. दीडशे पोरींना जेवायला हाका मारून कमावलेला आवाज होता तो, शेजारच्या वर्गातली हजेरी थांबायची म्हणे. सर तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला 'मॅडम' म्हणून पाहिलं, 'ताई' म्हणून पाहिलं, आणि मग तेही सगळ्यांसारखे 'अक्का' म्हणायला लागले.

अक्का माझी आत्या. माझे वडील, म्हणजे नाना, तिचे धाकटे भाऊ. ते तिला अक्का म्हणत, म्हणून आम्ही पोरंही अक्काच म्हणत आलो. पिंपळनेरजवळ मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे ती स्वयंपाकाला होती. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, आणि अक्का त्या दीडशे पोरींची झाली. पन्नाशी जवळ आल्यावर तिथली गृहपालाची जागा रिकामी होणार असं कळलं. संस्थेचे सचिव सहज बोलून गेले, "अक्का, समाजकार्याची पदवी आणा, तुम्हालाच करतो गृहपाल." असं बोलणारे पुष्कळ असतात. पण अक्काने ते मनावर घेतलं, नोकरी सोडली आणि धुळ्याला येऊन पूर्णवेळ कॉलेजात नाव घातलं.

हे धाडस तिने हवेत केलं नव्हतं. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा भत्ता देणारी शासनाची योजना होती. अट एकच, की शहरात स्वतःचं किंवा जवळच्या नात्यातलं घर वापरायचं नाही, भाड्याने राहायचं. वयाची आडकाठी सुदैवाने आली नाही. आडकाठी आली ती शिक्षणातल्या खंडाची. तहसीलमधल्या बाबूंनी विचारलं, "बारावीनंतर एवढा खंड कशामुळे?" अक्का म्हणाली, "लिखा भाऊ, मझार संसार व्हता." मधे संसार होता, हे कारण ऐकून बाबू हसले, पण प्रतिज्ञापत्रात त्यांनी 'कौटुंबिक कारण' असं लिहून दिलं. बाहेर आल्यावर अक्का कितीतरी वेळ कुरकुरत होती की संसारासारखा चांगला शब्द सोडून हे कारणबिरण कशाला.

देवपुरात एका म्हाताऱ्या बाईंकडे तिने खोली घेतली. आमच्या धुळ्यातल्या घरापासून चालत जाण्यासारखी. तिचं अंथरूण, स्टोव्ह आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा मीच माझ्या स्कूटीवरून पोचवला. नानांना हे मुळीच रुचलं नव्हतं. आई-वडील गेल्यापासून अक्काचं माहेर म्हणजे नाना, आणि माहेर गावात असताना बहीण परक्याच्या खोलीत? आठवडाभर ते धड जेवले नाहीत. अक्काने त्यांना योजनेची अट समजावून सांगितली. त्यांनी मान हलवली, पण कान दिला नाही. "मी पोसतो ना तुला," एवढंच त्यांचं उत्तर. त्यावर अक्काचा कायदा ठरलेला होता. "भाऊनी साडी दिधी ते लेवानी, खोली दिधी ते नही." माहेर सणापुरतं गोड, असं तिचं मत होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हक्काने यायची, झोक्यावर बसायची, भांडून साडी बदलून घ्यायची. एरवी मात्र आमच्याकडे दुसरी भाकरी घेत नसे.

कॉलेजात तिची बहार होती. बाकावर मांडी घालून बसायची, कारण पाय लोंबकळले की सुजायचे. पुस्तक मोठ्याने वाचल्याशिवाय तिला कळायचं नाही, आणि मोठ्याने म्हणजे भाजीला फोडणी देता देता, वरच्या मजल्याला ऐकू जाईल असं. घरमालकीणबाईंना सामाजिक संशोधनाच्या पायऱ्या पाठ झाल्या होत्या. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच अक्काने त्यांना विचारलं, "सर, जेवनात का तुम्ही?" ते जेवले नव्हते. मग परीक्षा थोडी उशिरा झाली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन. वर्गातल्या पोरी अजून ही गोष्ट सांगतात.

इकडे नानांनी गल्लीत वेगळंच सांगून ठेवलं होतं. "अक्का आमच्याकडेच असते. कॉलेज लांब पडतं म्हणून कधीमधी मैत्रिणीकडे थांबते." आम्हाला हे ठाऊक होतं, अक्कालाही ठाऊक होतं. ती हसायची. माणसाने अब्रू झाकायला एवढंसं पांघरूण घेतलं तर घेऊ द्यावं, असा तिचा स्वभाव.

दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली होती. भाऊबीज झाली होती, ओट्यावर गल्लीतली चार माणसं चहा घेत बसली होती. तेवढ्यात योजनेच्या पडताळणीसाठी एक साहेब आले. ते खोलीवर जाऊन आले होते, घरमालकीणबाईंनीच त्यांना इकडचा पत्ता दिला. माणूस सज्जन होता. त्याने ओट्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "या बाई देवपुरात भाड्याने राहतात, बरोबर ना?"

नानांचा चेहरा लाल झाला. चहाचे कप हातात धरून गल्ली त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, "भाड्याने? साहेब, माझी बहीण भाड्याने राहील? हे घर तिचंच शे. सुरुवातीपासून ती इथंच राहते. आम्ही काय मेलो का?"

अक्का दारात उभी होती. साहेब तिच्याकडे वळले. "ताई, खरं काय ते तुम्ही सांगा." मी तिच्या मागेच होते. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते, पण तिने मागे हात करून माझं मनगट घट्ट धरलं. एकदा भावाकडे बघितलं, एकदा ओट्यावरच्या माणसांकडे. मग म्हणाली, "भाऊ सांगस ते खरं शे."

भत्ता नामंजूर झाला. त्याविरुद्ध अर्ज करता येत होता. फक्त नानांनी लिहून द्यायला हवं होतं की मी खोटं बोललो. मी अक्काशी भांडले, रडले. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. "भाऊले चार लोकस्मा खोटा पाडीसन माले शिकानं नही," म्हणाली. शिवाय नानांना यातलं काही सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. मला तिचा तेव्हा इतका राग आला होता की दोन-तीन दिवस मी तिच्या खोलीवर गेले नाही. आता राग उरलेला नाही, हळहळ मात्र अजून तशीच आहे.

डबे करून तिने ते वर्ष कसंबसं ओढलं. पहिल्या वर्षाला वर्गात दुसरी आली. दुसऱ्या वर्षाला नाव घातलं नाही. पिंपळनेरला तिची स्वयंपाकाची जागा अजून रिकामी होती, तिथे ती परत गेली. नानांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "डोळे दुखतात भाऊ, वाचवत नाही." झालं! नाना तिला उचलून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वयाचा जवळचा नंबर आहे, बाकी डोळे ठणठणीत. तरी नानांनी दुकानातली सगळ्यात महागडी फ्रेम तिला घेऊन दिली. तो चष्मा अक्काने पुढे रोज घातला. आमटीच्या वाफेने तो धुरकट व्हायचा, पदराने पुसून ती पुन्हा घालायची.

परवा ती निवृत्त झाली. वसतिगृहाच्या अंगणात छोटा निरोप समारंभ होता. गृहपाल म्हणून आता एक तरुण मुलगी आहे, अक्काच्याच कॉलेजातून शिकलेली. तिने अक्काला शाल घातली, नारळ दिला. पोरी हुंदके देत होत्या. कार्यक्रम झाला की अक्का मुलीकडे सुरतेला जाणार होती, तिची पिशवी ओसरीत भरून ठेवलेली होती. सचिवांनी नानांना चार शब्द बोलायला सांगितलं. नानांचंही आता वय झालंय. माईक दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले.

"माझ्या अक्काला शिकायची फार हौस," ते म्हणाले. "डोळ्यांनी दगा दिला, नाहीतर आज तीच इथं गृहपाल असती. पण एक सांगतो. धुळ्यात होती तोवर मी तिला एक दिवस परक्या घरी भाड्याने राहू दिलं नाही."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. नाना खुर्चीत बसले आणि डोळे पुसत, लहान मुलासारखे अक्काकडे बघायला लागले. मीही तिच्याकडे बघितलं. निदान आज तरी काही बोलेल, असं मला वाटलं होतं. अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग त्यांच्या हातावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आपल्या त्या आवाजात म्हणाली, "भाऊ सांगस ते खरं शे."