लिनक्स काढलं तेव्हा

शेजारचे दादा गोदामं भाड्याने देतात, पण त्यांचा जीव कॉम्प्युटरमध्ये. प्रत्येक वाक्याला ‘हाय का न्हाय?’ जोडतात आणि उत्तराआधीच हसतात. जागा संपली म्हणून माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला टाकलेलं लिनक्स काढायला बसले, तेव्हा माझ्या मुलीचे सगळे फोटो त्यांनी न सांगता आधी पेनड्राइव्हवर घेतले. मग डिस्कवरची लिनक्सची वेगळी खोली, म्हणजे पार्टिशन, डिलीट केलं. लॅपटॉप पुन्हा चालू केला, तर स्क्रीन काळी.

“भाडेकरू जाताना चावीपन घेऊन गेला, हाय का न्हाय?” दादा खदखदून हसले. विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅमही लिनक्सबरोबरच पुसला गेला होता.

त्यांनी विंडोज पुन्हा सुरू करून दिलं आणि मोकळी जागा सी ड्राइव्हला जोडली. स्क्रीनवरची सी ड्राइव्हची गच्च भरलेली लाल पट्टी निळी झाली. दादा उठले आणि हळदीत नाचतात तसे खोलीभर नाचायला लागले. लॅपटॉप छातीशी धरून मीही त्यांच्या मागे.