मेस्तानं शिकवलेलं इंग्रजी गाणं

दादा खनिजाचा ट्रक चालवायचा. डिचोलीजवळच्या खाणीवर माल भरायचा आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा, दिवसभर हेच. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. बाबा खाणीवर कामाला म्हणून आले आणि मग इथलेच झाले. आमच्या घरात गाणं म्हणजे देवळातली भजनं, फार तर दशावतारातली पदं. त्यामुळे दादा एका सकाळी ट्रक धुता धुता चक्क इंग्रजी गाणं म्हणायला लागला, तेव्हा आई आधी हसली आणि मग याला बरंबिरं नाही की काय म्हणून बाहेर येऊन बघून गेली.

गाणं त्याला मेस्तानं शिकवलं होतं. ट्रक दुरुस्त व्हायचे त्या गॅरेजमधला हा म्हातारा मेकॅनिक. सगळे त्याला मेस्तच म्हणत. ख्रिस्ती, चोपडे गावचा. तरुणपणी वास्कोहून बोटीवर गेला होता, इंजिनरूममध्ये, आणि कायमचा परतला तेव्हा त्यानं पेटीभर कॅसेटी आणल्या होत्या. थोडे रॉकवाले, थोडी पॉपची गाणी, पण बहुतेक सगळे जुने अमेरिकन कंट्री गाणारे. गॅरेजात टेप दिवसभर चालू असे. ट्रक जॅकवर चढला की ड्रायव्हरांना ताटकळत बसावं लागे. बाकीचे पत्ते कुटत. दादा ऐकत बसे.

त्या गायकांबद्दल मेस्त असा बोलायचा, जणू ते शेजारच्या वाड्यावरचे. हा दारूनं गेला, त्याची बायको सोडून गेली, तिनं मुलं वाढवता वाढवता गाणी लिहिली. एकदा त्यानं दादाला टेपकडे बोट दाखवून सांगितलं, “हो गावपी पयलीं ट्रक चलयतालो. तुजे सारको.” दादानं हे घरी येऊन आम्हा सगळ्यांना सांगितलं. ट्रक चालवणाऱ्या माणसाचं गाणं सातासमुद्रापार ऐकलं जातं, याचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. दादा एकेक ओळ म्हणून दाखवायचा आणि मी अर्थ सांगायचे. त्या गाण्यांतली माणसं घरापासून लांब राबत होती. रात्रपाळी करत होती, रेल्वेची शिट्टी ऐकत होती. प्रेम होतं, पण ते बहुधा मागे राहिलेलं. दादाला कुठलीच गोष्ट परकी वाटत नसे. मेस्ताचं सगळ्यात आवडतं गाणं असंच, दूरदेशी कामाला गेलेल्या माणसाचं. त्यात एक ओळ होती, तिचा मी अर्थ सांगितला होता, ‘ताप उतरला की मी घरी जाईन.’

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक विकला, दादा पाण्याचा टँकर चालवू लागला. गॅरेजही बंद झालं आणि मेस्त चोपड्याला घरी बसला. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले होते. एकदा सहज मोबाइलवर ते गाणं शोधलं तर मूळ गायक स्वच्छ ‘रिव्हर’ म्हणत होता. नदीपलीकडे मी घरी जाईन. मेस्त आणि दादा इतकी वर्षं ‘फीव्हर’ म्हणत होते. मी दादाला ऐकवलं.

त्यानं दोनदा ऐकलं. “तुझा बरोबर आसात, बाय. पण मेस्ताक इचारल्याशिवाय मी बदलूचंय नाय.”

म्हणून एका रविवारी आम्ही दोघं चोपड्याला गेलो. मेस्त खाटेवर होता. खूप वाळला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी इंग्लंडात, मुलगा बोटीवर. शेजारीण जेवण आणून देई. दादानं मोबाइल त्याच्या कानाशी धरला. मेस्तानं डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं.

“बोटीर हांव तापान पडिल्लों,” तो म्हणाला. “वांगड्यान टेप लायलो. म्हाका तेंच आयकूंक आयलें.”

बोटीवर तापानं फणफणलेल्या माणसाला सोबत्यानं लावलेल्या गाण्यात तापच ऐकू आला होता. मग त्यानं दादाचा हात धरला. “हांव मेल्यार तूं हें म्हण. पूण म्हजें म्हण.”

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मेस्त गेला. मुलगी इंग्लंडहून पोचेपर्यंत त्याला शवागारात ठेवलं होतं. मुलाला बोटीवरून येता आलं नाही. दादानं पाद्रींना मेस्ताची इच्छा सांगितली. ते म्हणाले, इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, मिसाच्या प्रार्थनेतलीच गीतं होतील, पण दफनाच्या वेळी म्हणायला हरकत नाही.

दादा चार माणसांत कधी गायला नव्हता. पांढरा शर्ट घालून तो खड्ड्याच्या कडेला उभा राहिला. गिटार नाही, काही नाही. पहिली ओळ थरथरली, मग आवाज लागला. मग ती ओळ आली. दादा ‘फीव्हर’ म्हणाला.

आणि मुलीच्या हातातल्या मोबाइलमधून दुसरा आवाज आला. बोटीवरचा मुलगा व्हिडिओ कॉलवर दादाबरोबर गाऊ लागला होता. त्याचा आवाज जरा मागे पडत होता, शब्द उशिरा पोचत होते, पण शब्द तोच होता. मुलगी दोन्ही हातांनी मोबाइल उंच धरून उभी होती. गाणं संपलं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, दादानंही टाकली.

नंतर ती दादाकडे आली. “शाळेंत आमकां ह्या ‘फीव्हर’ उतरार हांसताले,” ती म्हणाली. “पप्पान केन्नाच बदलूंक ना.” दादाला रडू फुटलं तेव्हा तिनंच त्याला सावरलं.

घरी आईनं आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. दादा न्हाऊन जेवायला बसला. आई वाढत होती.

“काय आसा रे त्या गाण्यात?” तिनं विचारलं. “इतकी वर्सां म्हणतस.”

“एक माणूस आसा. लांब कामाक गेलेलो. म्हणता, आता मी घराक जातलंय.”

“मगे? गेलो तो?”

दादानं भात कालवला. “गेलो,” तो म्हणाला.

आईनं मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.