रानपिंगळ्याची जोडी

फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याचं सागाचं रान पार उघडं पडतं. अशाच एका सकाळी रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मिळ छोटं घुबड, पाहायला जळगावहून आम्ही काही हौशी मंडळी गेलो होतो. त्यात तो होता. नाव मी विचारलं नाही. टोपीपासून बुटापर्यंत हिरव्या पानांच्या छापाचे कपडे, का तर पक्ष्यांना दिसू नये म्हणून. आख्ख्या करड्या रानात हिरवं असं तेवढंच होतं.

"बठ्ठा जण चूप बसा बरं!" तो उठसूट सगळ्यांवर ओरडायचा. मग मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावायचा आणि कानामागे पंजा धरून थांबायचा.

आणि खरंच, नाल्यापलीकडून उत्तर आलं! त्याचे डोळे भरून आले. त्यानं पुन्हा आवाज लावला, पुन्हा उत्तर आलं. वाळल्या पानांवरून आम्ही रांगत पुढे निघालो. पलीकडचा आवाजही जवळ येत गेला. शेवटी झुडूप हललं आणि तसाच हिरवागार एक गृहस्थ रांगत बाहेर आला. धुळ्याचा होता. त्याच्याही हातात मोबाइल.

दोघांनी एकमेकांच्या मोबाइलकडे पाहिलं. मग यानं हळूच विचारलं, "भाऊ, तुम्हाला कितीदा उत्तर आलं?"

"दर वेळी," धुळेवाला म्हणाला.

मला वाटलं, आता तरी हसतील. पण परतताना हा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "अरे एक नाही, जोडी शे जोडी! खोटं वाटत असेल तर धुळेवाल्यांना विचार, त्यांनीही ऐकली."