इंजिनाला करडीचं तेल

मोटारीचं इंजिन म्हणजे बैल नव्हे. ही गोष्ट मला वयाच्या एक्काहत्तराव्या वर्षी कळली. शाळेत चौथीपर्यंतच गेलो, त्यामुळं बऱ्याच गोष्टी मला उशिराच कळतात.

उशिराचं तर काही विचारूच नका. आमची बायको कौसाबाई नांदेडच्या दवाखान्यात होती, तेव्हा पोराचा फोन आला, "बाबा, हाय तसे निघा." मी म्हटलं, म्हैस पिळतो आन् निघतो. (तिला दुसऱ्याचा हात चालत नाही.) पोचलो तर बाई वीस मिनिटांपूर्वी गेलेली. दूध मात्र त्या दिवशी लई निघालं होतं.

म्हणून तिच्या वर्षश्राद्धाला तरी वेळेवर जायचं, एवढं एकच मनाशी धरलं होतं. पोरगा बालाजी लातूरला डाळमिलमध्ये कामाला आहे. तो सूनबाईला घेऊन तिकडूनच नांदेडला नदीवर येणार होता. मला आमच्या नायगावहून धुरपदाला घेऊन जायचं होतं. धुरपदा म्हणजे कौसाची धाकटी बहीण, उदगीरची; तिचा पुतण्या तिला आदल्या दिवशी माझ्याकडं सोडून परत जाणार होता. तिचे गुडघे असे की एस.टी.ची पायरी बघूनच रडतात. म्हणजे गाडी पाहिजेच!

"साडेअकराच्या आत घाटावर या, बाबा," बालाजीनं तीनदा बजावलं. "गुरुजी थांबत नसतात."

गाडी आमची जुनी, पांढरी, पत्र्याखाली उभी. पोरगं महिन्याला येऊन एक चक्कर मारायचं. मी वर्षभर चावी लावली नव्हती. डाव्या बाजूची सीट रिकामी दिसते, मग चालवायला जीव होत नाही. पण आता इलाज नव्हता. आदल्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं आणि नाक दाबून मागं सरलो. आत उंदरांनी संसार मांडलेला! कापूस, पन्न्या, चिंध्या, भुईमुगाच्या शेंगांचा साठा. माझ्या घरापेक्षा ते घर भरलेलं होतं. आणि वास असा, की धुरपदा त्या गाडीत बसली असती तर बहिणीच्या आधी तिचंच करावं लागलं असतं.

पोराला फोन लावला. "बाळू, इंजिन धुवून राहिलो."

"बाबा, पाणी मारू नका! ओल्या फडक्यानं पुसा नुस्तं. आन् फ्यूजचा डबा पन्नीनं झाका."

"हाव."

"गौस मिस्त्रीला बोलवा की."

"त्याला काय कळतंय?"

(गौस मिस्त्री तीस वर्षं गाड्याच दुरुस्त करून राहिलाय. पण मी बोलून गेलो होतो.)

फडक्यानं पुसायला ते काय आरशाचं कपाट आहे? मी फवारणीचा पंप पाठीला लावला, धुण्याचा सोडा घातला. फ्यूजचा डबा कोणता ते काही कळेना. एक काळा डबा होता, अगदी गरीब दिसणारा. एक पांढरी टाकी होती, छान, आरपार दिसणारी. जे महागाचं दिसलं ते झाकलं. (ती काच धुवायच्या पाण्याची टाकी निघाली. पाण्याला पाणी लागू नये म्हणून मी तीन पन्न्या बांधल्या!) आणि त्या गरीब डब्यावर पंप मोकळा सोडला. बैल धुवायचा नारळाचा काथ्या घेऊन आत कोपरापर्यंत हात घातला आणि घासघास घासलं.

इंजिन निघालं स्वच्छ, पण कळा नव्हती त्याला. मी जन्मभर पोळ्याला बैल सजवले. बैल धुतला की शिंगांना तेल लागतंच, त्याशिवाय तो बैल उघडा दिसतो. घरात कौसानं भरून ठेवलेला करडीच्या तेलाचा डबा वर्षभर तसाच पडून होता. मी एकटा, मला किती तेल लागणार? काढला डबा. नळ्यांना लावलं, झाकणाला लावलं, लोखंडाला लावलं. एक काळा रबरी पट्टा होता, कोरडा, भेगाळलेला. त्याची लई कीव आली. त्याला दोनदा चोळलं!

उन्हात तासभर सुकवून चावी फिरवली. इंजिन चालू झालं नाही, हॉर्न चालू झाला. मी हॉर्नला हात लावला नव्हता! पाठोपाठ काचेवरचे वायपर हलायला लागले. कडक ऊन, एक थेंब पाऊस नाही, आणि गाडी बोंबलत बोंबलत काच पुसून राहिली. शेवटी गौस मिस्त्रीच धावत आला. (बोलावलं नव्हतं. हॉर्न त्याच्या दुकानापर्यंत जात होता.) त्यानं एक वायर ओढली. गाडी गप्प झाली.

"काका, हे काय केलंत?"

"धुतली."

"आन् हे चकाकून काय राहिलंय?"

"करडी."

तो कपाळाला हात लावून खाली बसला. मग उठून तो गरीब काळा डबा पुसला (फ्यूजचा तोच होता!), फुंकर मारली, वायर जोडली, चावी फिरवली आणि इंजिन चालू झालं! "जरा वेळ चालू राहू द्या, पाणी उडून जाईल," म्हणाला आणि गेला.

पाणी उडालं. मग तेल तापलं.

आधी बारीक धूर आला, मग वास सुटला. साधासुधा नाही, खमंग! कोपऱ्यात राहिलेल्या उंदरांच्या शेंगाही त्या तेलात भाजायला लागल्या. आता आमच्याकडची रीत अशी, की ज्या घरातलं माणूस गेलं, तिथं वर्ष होईपर्यंत कढई चढत नाही. सण येवो, पाव्हणा येवो, तळण नाही. वर्षाचं झालं की माहेरची माणसं येऊन पहिली पुरी तेलात सोडतात. आणि इथं वर्षाच्या आदल्या दिवशी माझ्या अंगणातून अख्ख्या गल्लीत भज्यांचा वास!

शेजारची गंगाबाई कंपाउंडवरून डोकावली. "नारबा, एक दिस दम निघाला न्हाई का रं? उद्याच्याला झालंच असतं की!"

"भजे न्हाईत ते गंगाबाई, मोटार हाय!"

"मोटारीचे भजे? वास काय मला कळत न्हाई?"

पाच-सहा बाया जमल्या. "पुरुषाची जात," एक म्हणाली. "बायको गेली की जीभ मोकळी," दुसरी म्हणाली. मी सांगतोय, ओरडतोय, आणि त्याच टायमाला पुतण्याच्या जीपमधून धुरपदा उतरली. वर्षानं आलेली. तिनं फाटकात पाऊल टाकलं, वास घेतला, आणि जागच्या जागी पदर तोंडाला लावला.

"दाजी! माझ्या भैनीचं वर्स झालं न्हाई, आन् तुम्ही शेंगाचे भजे करून खाऊन राहिले?"

मी तिचा हात धरून तिला बॉनेटपाशी नेलं. तिनं वाकून आत बघितलं. पिवळं तेल चरचरत होतं.

"हे तिच्या डब्यातलं हाय का?"

"हाव."

"लई जपून वापरायची ती तेल," एवढं बोलून ती आत गेली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी नऊलाच निघालो. मी ठरवलं होतं, आज म्हैस आडवी आली तरी थांबायचं नाही. गावाबाहेर पडलो आणि इंजिन किंचाळायला लागलं. डुकरू धरल्यासारखं! तेल पाजलेला पट्टा घसरत होता. (इंजिन गार राहतं ते त्याच्याच जोरावर, हे मागाहून कळलं.)

"दाजी, गाडी रडती जनू."

"रडू दे. तुमच्या घरचंच वळण हाय."

अर्ध्या वाटेत काटा लाल रेघेच्या वर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी रस्त्याच्या कडेला बसली ती बसलीच. मी हात करून करून थकलो. कोणी थांबेना. अकरा वाजले. मनात म्हटलं, नारबा, जित्या बायकोला उशीर केलास, आता मेलेलीलाही!

शेवटी मंडपवाल्याचा एक टेम्पो थांबला. पुढं माणसं गच्च. "आजोबा, मागं बसा," ड्रायव्हर म्हणाला, "सोफा हाय."

सोफा होता. लाल मखमलीचा, सोनेरी पाठीचा, नवरा-नवरीचा! ज्या धुरपदाचे गुडघे एस.टी. चढत नव्हते, ती घड्याळ बघून त्या उघड्या टेम्पोत माझ्या आधी चढली. मांडीवर नैवेद्याचा डबा घेतला. मागं प्लास्टिकच्या फुलांची कमान उभी होती, तिच्याखाली मी धोतर-टोपीत, शेजारी मेहुणी.

"दाजी, तिकडं तोंड करा! लोक बघून राहिले!"

"तिकडंबी लोकच हायेत, बाई!"

एका मोटारसायकलवाल्यानं शेजारून जाताना हात जोडले. "अभिनंदन, आजोबा!" म्हणाला. धुरपदानं तोंडावरून पदर ओढून घेतला. त्यामुळं तर ती हुबेहूब नवरीच दिसायला लागली! नांदेड येईपर्यंत तिनं मला आणि मी देवाला शिव्या दिल्या.

घाटावर उतरलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. बालाजी, सूनबाई, चार पाव्हणे, सगळे त्या सोफ्याकडं बघत उभे. मला कोणाचं भान नव्हतं. पायरीवरच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. "बाळू, आजबी चुकलो रे! गेले ना गुरुजी?"

"बाबा, उठा. गुरुजी यायचेत अजून. त्यांना दीडचं सांगितलंय."

"मग मला साडेअकरा?"

पोरगं खाली बघायला लागलं. "आईनं सांगून ठेवलं होतं. तुझ्या बापाला दोन तास आधीचं सांगत जा म्हणून. ती तसंच करायची. लग्न असो, बारसं असो, गाडीचा टाइम असो."

म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी जिथं जिथं वेळेवर पोचलो, तिथं मला माझी बायको नेऊन सोडत होती, आणि मी पाव्हण्यांत छाती काढून सांगायचो, आपल्याला उशीर खपत नाही!

"आन् दवाखान्यातून फोन केलास तवा?" मी विचारलं.

बालाजीचे डोळे भरून आले. "त्या दिवशी खरं सांगितलं, बाबा. खोटं सुचलंच न्हाई."

दीडला गुरुजी आले. पूर्ण विधी माझ्या डोळ्यांसमोर झाला, एक मिनिटही चुकलं नाही. निघताना मी पोराला बाजूला घेतलं आणि सांगून ठेवलं, "बाळू, माझ्या मयतीची येळबी मला दोन तास आधीचीच सांग. न्हाईतर खांदेकरी दारात येऊन बसतील, आन् मी आपला आत दाढीच करून राहिलेला!"